सिंह, हात आणि सात सेकंद

साठच्या दशकात आमच्या फोंडा तालुक्यात सोयरीक बघताना पाहुण्यांचं घर सिंहाचं आहे का, हे कुणी विचारत नसे. विचारायची गरजच नव्हती. सिंह म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, बोलण्यात ‘मगो’. फेरीबोटीने जुवारी ओलांडून सासष्टीत उतरलं की घरं हाताची. हा हात आजच्या काँग्रेसचा नव्हे. तो युनायटेड गोवन्स पक्षाचा, म्हणजे ‘युगो’चा. काँग्रेसकडे हात आला तो १९७८ मध्ये, इंदिराबाईंच्या वाट्याला. पलीकडच्या काठावरच्या काही म्हाताऱ्यांना मधल्या काळात हात बदललाय हे शेवटपर्यंत पटलं नाही, असं आमच्याकडे गमतीने सांगतात.

नदीच्या एका काठाला सिंह, दुसऱ्या काठाला हात, आणि मधल्या बोटीत भांडण. माझ्या लहानपणीचं गोव्याचं राजकारण एवढंच होतं, आणि ते एका मुलाला कळण्याइतकं सोपं होतं. चिऱ्याच्या गडग्यांवर चुन्याने काढलेले सिंह बघून आम्ही चित्रकला शिकलो. बहुतेक सिंहांचे चेहरे गावच्या कुत्र्यासारखे यायचे, पण शेपटी मात्र झोकदार.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि ९ डिसेंबर १९६३ ला पहिली निवडणूक झाली. पोर्तुगालच्या सालाझारच्या राज्यात मत ही कुळाच्या घरात शिरणारी वस्तू नव्हती. आमचा आजोबा कूळ होता. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, अंगणात चपला काढून उभा राहणारा. त्या दिवशी तो रांगेत उभा राहिला, आणि भाटकार त्याच्या मागे दहा माणसं सोडून उभा होता. आजोबाने आयुष्यभर निवडणुकीबद्दल जे काही सांगितलं ते एवढंच. कोण जिंकलं, किती जागा आल्या, हे तो विसरून गेला होता.

जिंकलं कोण, तर दिल्लीत राज्य करणारी काँग्रेस सोडून बाकीचे. नेहरू हयात होते, गोव्यात सैन्य पाठवलं ते त्यांच्याच सरकारने, तरी गोव्याच्या भूमीवर काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. तिच्या नावावर लागली ती दमणची. मगोने सत्ता घेतली, युगो १२ जागांसह समोर बसला. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. भाऊसाहेब, आमच्या घरी नुसते भाऊ. खाणमालक असलेल्या या माणसाने ती निवडणूक स्वतः लढवलीही नव्हती. विरोधी पक्षनेते होते डॉ. जॅक सिक्वेरा. दोन पक्ष, दोन नेते, आणि दोघांमध्ये एकच मोठा प्रश्न: गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा?

आता हे सगळं आठवताना गोड वाटतं, पण त्या गोडव्यात खडा आहे. ही द्विपक्षीय व्यवस्था जाहीरनाम्यांवर उभी नव्हती, जन्मावर उभी होती. बहुजन हिंदू घरात जन्मलात की सिंह. ख्रिस्ती घरात जन्मलात की हात. विलीनीकरण नको असलेले बरेच हिंदूही हाताच्या बाजूला होते, पण आमच्या गावात त्यांच्याबद्दल खालच्या आवाजात बोलत. तेव्हाच्या पक्षनिष्ठेचे गोडवे गाणाऱ्यांना मी नेहमी एक विचारतो: माझ्या बाबांना भाऊंचं सरकार पसंत नसतं, तर ते हातावर शिक्का मारू शकले असते का? नसते. जीभच रेटली नसती, हात तर लांबच.

तरीही त्या मतदाराला भोळा समजू नये. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवा. मतपत्रिकेवर विलीनीकरणासाठी फूल, वेगळं राहण्यासाठी दोन पानं. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून मगोच्या सरकारने त्याआधी राजीनामा दिला होता. आजच्या मुलांना हे सांगितलं की ती आधी हसतात आणि मग खरंच का म्हणून विचारतात. प्रचार असा की झोप उडावी. गंमत म्हणजे विलीनीकरणाच्या विरोधातली सगळ्यात धारदार लेखणी मराठीतच चालत होती. मडगावहून निघणारं ‘राष्ट्रमत’, संपादक चंद्रकांत केणी, आणि त्यातलं उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर. बाबा ते वर्तमानपत्र घरात आणत नसत, पण फोंड्याच्या तिस्कावर उभे राहून पूर्ण वाचून येत. घरात आम्ही कोंकणी बोलायचो, वाचायचो मराठी, आणि या दोन गोष्टींचं एकमेकींशी भांडण आहे असं आम्हाला त्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

कौल लागला: दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. निकालाच्या दुसऱ्या सकाळी पलीकडून येणारा पोदेर पावांची टोपली घेऊन आला, तो काठीची कडी नेहमीपेक्षा अंमळ जोरातच खुळखुळवत. आजीने त्या दिवशी पाव घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी घेतले, आणि त्यानेही आदल्या दिवसाचे दोन पाव वर टाकले. पैसे घेतले नाहीत.

खरी कमाल त्यानंतरची. कौल होऊन तीन महिनेही झाले नव्हते, मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक लागली. ज्या पक्षाच्या नावातच महाराष्ट्र आहे, ज्याचा मुख्य कार्यक्रम लोकांनी नुकताच धुडकावला, तोच पक्ष पुन्हा निवडून आला आणि भाऊ पुन्हा मुख्यमंत्री झाले. म्हणजे गोंयकारांनी जानेवारीत एक सांगितलं आणि मार्चमध्ये दुसरं. तुमचं विलीनीकरण नको, पण तुम्ही हवेत. कूळकायदा हवा, गावात शाळा हवी. १९६४ चा कूळकायदा झाला होता, आणि जिथे भाटकाराच्या मुलांशिवाय कुणी पाटी बघितली नव्हती तिथे मराठी प्राथमिक शाळा उघडत होत्या. मी त्याच शाळांमधला, आणि पुढे त्याच शाळांमध्ये मास्तर झालो. पक्षाचा कार्यक्रम नाकारून सरकार राखायचं, हा हिशेब त्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या मतदाराने बरोबर केला. इतकी अचूक शिक्षा आणि इतकं अचूक बक्षीस एकाच मोसमात दिल्याचं मी नंतर कधी पाहिलं नाही.

फुटाफूट तेव्हा नव्हती असं म्हणणारे मात्र थापा मारतात. १९७० मध्ये भाऊंच्याच आमदारांनी त्यांच्याविरुद्ध बंड केलं आणि समोरच्या बाकांवरच्या काहींनी येऊन भाऊंचं सरकार तारलं. म्हणजे आयाराम-गयाराम गोव्यातही तेव्हापासूनचे. फरक पुढच्या पानावर आहे. १९७२ ची निवडणूक आली, लोकांनी मगोला १८ जागा दिल्या आणि वाद मिटवून टाकला. आमदार कुठेही गेले तरी मतदार जागेवर होता, आणि शेवटचा शब्द त्याचा होता.

भाऊ १२ ऑगस्ट १९७३ ला गेले. त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, ताई. ताईंच्या काळात कुळांना जमिनीची मालकी देणारी दुरुस्ती झाली, भाटकाराच्या जागेत घर करून राहणाऱ्या मुंडकारांचा कायदा झाला. पण सरकारचं वजन मात्र उतरत गेलं. बाबांच्या तोंडी तेव्हा प्रथमच तक्रारी ऐकल्या. भाव, खाणवाले, ‘आता दारात ओळखीचा माणूस लागतो’ वगैरे. मी नुकता नोकरीला लागलो होतो, १९७७ मध्ये पहिल्यांदा निवडणुकीची ड्युटी आली.

ड्युटीबद्दल सांगायला हवं, कारण तेव्हा आणि आता यांतला फरक मी त्या लाकडी बाकावर बसून बघितला आहे. लोखंडी मतपेटी आदल्या संध्याकाळी ताब्यात मिळायची. सकाळी ती उघडून, उलटी करून, आतून हात फिरवून एजंटांना दाखवायची. मग कागदी सीलवर सगळ्यांच्या सह्या, मग दोरा, मग मेणबत्तीवर धरलेली लाख. वर्गात शेणाने सारवल्याचा वास, त्यात लाखेचा वास. सिंहाचा एजंट आणि समोरच्याचा एजंट एकाच बाकावर बसत, आणि दोघांना मतदार यादी तोंडपाठ. एखादी म्हातारी आत आली की दोघं एकदमच तिच्या नवऱ्याचं नाव सांगत. दुपारी एकाच्या घरून आलेलं शीत-हुमण दोघं वाटून खात. संध्याकाळी पेटी बंद करताना दोघांना निकाल अंदाजाने ठाऊक असे, शंभर-दीडशे मतं इकडे-तिकडे. कारण घरं ठरलेली होती. तेव्हाच्या राजकारणात विश्वास होता असं जे म्हटलं जातं, त्यातला निम्मा विश्वास हा नुसता अंदाज होता.

१९७९ मध्ये ताईंचं सरकार पडलं, तेही स्वतःच्याच माणसांनी पाडलं. जानेवारी १९८० मध्ये लोकांनी मगोला सात जागांवर आणलं आणि २० जागा दिल्या त्या काँग्रेसच्या अर्स गटाला. लक्षात घ्या, इंदिरा गांधींच्या काँग्रेसला नव्हे, तिच्या विरोधातल्या काँग्रेसला. निकाल लागला, प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री झाले, आणि बघता बघता सगळं बिऱ्हाड इंदिराबाईंच्या काँग्रेसमध्ये जाऊन बसलं. पुढे ताईही काही काळ तिथेच गेल्या. बाबांनी ओटीवरचं भाऊंचं चित्र काढलं नाही, पण त्यानंतर त्यांनी निवडणुकीच्या दिवशी नवी धोतरजोडी नेसणं सोडलं. मतदानाला जात राहिले, जुन्या कपड्यांत.

मला वाटतं गोव्याचं ‘तेव्हा’ त्या वर्षी संपलं. गंमत म्हणजे त्या निकालाबद्दल तक्रार करायला जागा नव्हती. पंधरा-सोळा वर्षांच्या राजवटीला लोक कंटाळले, त्यांनी ती बदलली. लोकशाहीत हेच व्हायला हवं. फक्त बदलून जे घेतलं ते दुकानातून घरी नेईपर्यंत दुसरंच निघालं.

नव्वदच्या दशकाबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण त्या काळाला त्याहून जास्त जागा द्यावी असं मला वाटत नाही. १९८७ मध्ये घटक राज्य झालं, विधानसभा ४० जागांची झाली. १९८९ मध्ये काँग्रेस २०, मगो १८, म्हणजे पुन्हा दोन पक्षांची तुल्यबळ लढत. आणि मार्च १९९० मध्ये ती सगळी बाजी फुटीने उधळली. त्यानंतर मुख्यमंत्री असे बदलले की सामान्यज्ञानाच्या तासाला ‘गोव्याचे मुख्यमंत्री कोण’ हा प्रश्न मी विचारायचा सोडला. छापील गाईडमधलं नाव चुकीचं ठरलं तर मुलाचा गुण कापायचा की द्यायचा? त्याच काळात, १९९४ मध्ये, मगोने भाजपशी युती केली. फोंडा, डिचोली, पेडणे या आमच्या पट्ट्यातला सिंहाचा कार्यकर्ता आधी दोन्ही झेंडे घेऊन फिरला आणि मग एकच झेंडा उरला. २००२ पर्यंत गोव्यात पुन्हा दोन पक्ष उभे होते: भाजप १७, काँग्रेस १६. नदीच्या अलीकडे कमळ, पलीकडे हात. नकाशा जवळजवळ तोच, चिन्ह तेवढं बदललेलं.

मग मी म्हणतो तो फरक कुठे आहे?

माझ्यापुरता तो शाळेत आहे. २०११ मध्ये काँग्रेसच्या सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय घेतला. आम्ही मराठीवाले आणि कोंकणीवाले, १९६७ पासून एकमेकांना पाण्यात बघणारे, भाषा सुरक्षा मंचाच्या एका मांडवाखाली आलो. भाजप आमच्या बाजूला होता. बेकायदा खाणींवरून सरकार बदनाम झालेलंच होतं, घराणेशाहीचा राग होताच. २०१२ मध्ये भाजपला २१ जागा मिळाल्या, स्वबळावर बहुमत. आमच्या शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी पेढे होते. आणि मग अनुदान चालूच राहिलं. मांडवीतले कॅसिनो, ज्यांच्यावर विरोधात असताना केवढा गदारोळ केला होता, तेही चालूच राहिले. मंच पुन्हा रस्त्यावर आला, या वेळी आपल्याच माणसांविरुद्ध. २०१६ मध्ये मंचाचे पुढारी असलेल्या सुभाष वेलिंगकरांना संघाच्या जबाबदारीवरून दूर केलं, त्यांनी गोवा सुरक्षा मंच नावाचा पक्ष काढला, मगोशी युती केली. २०१७ मध्ये मी त्या युतीला मत दिलं. निकालानंतर मगोचे तिन्ही आमदार भाजपच्या सरकारात गेले.

म्हणजे माझं मत फिरून फिरून ज्याच्या विरोधात दिलं त्याच्याच दारात. एका मताला एवढा प्रवास घडवणारं राज्य दुसरं नसेल.

आणि हे एकट्याचं रडगाणं नाही. त्याच २०१७ च्या निकालात काँग्रेसला १७ जागा होत्या, भाजपला १३. मावळत्या मुख्यमंत्र्यांसकट बरेच मंत्री पडले होते. लोकांनी याहून स्पष्ट काय सांगायचं असतं? पण मनोहर पर्रीकर दिल्लीचं संरक्षण खातं सोडून परत आले, भाजपच्या विरोधात प्रचार करून निवडून आलेला गोवा फॉरवर्ड पाठिंब्याला आला, आणि १३ वाल्यांचं सरकार झालं. पर्रीकर गेल्यावर, मार्च २०१९ मध्ये, एका रात्री उशिरा मगोच्या तिघांपैकी दोघे भाजपमध्ये विलीन झाले. जुलैत काँग्रेसच्या तोवर उरलेल्या १५ पैकी १०. पक्षांतरबंदी कायद्याला दोन-तृतीयांश लागतात. तिघांचे दोन, पंधरांचे दहा, अगदी काट्यावर. अपूर्णांक शिकवायला यापेक्षा सोपं उदाहरण नाही. पूर्वी एक-तृतीयांशात फूट पाडता यायची, कायदा कडक केला, तर फुटणारे थोडे जास्त जमवू लागले.

२०२२ मध्ये मतदारांनी या दहांपैकी बहुतेकांना घरी बसवलं. हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. त्यांना वाटतं गोव्यात कुणालाच काही वाटत नाही. वाटतं. शिक्षा झाली. पण तोवर काँग्रेसलाही आपल्या उमेदवारांची खात्री उरली नव्हती. तिने सगळ्यांना बसमध्ये घालून पणजीच्या महालक्ष्मीला नेलं, बांबोळीच्या खुरसाकडे नेलं, बेतीच्या दर्ग्यात नेलं, आणि पक्ष सोडणार नाही अशा शपथा घ्यायला लावल्या. पुढे लेखी हमीही झाली. एखाद्या पक्षाला आपल्या माणसांवर भरवसा ठेवायला तीन धर्मांचा जामीन लागावा, असं दृश्य मी जन्मात पाहिलं नव्हतं. तेव्हा हसलो होतो. सप्टेंबरमध्ये निवडून आलेल्या ११ पैकी ८ भाजपमध्ये गेले. शपथेचं काय, असं विचारल्यावर एका माजी मुख्यमंत्र्यांनी आपण देवाला पुन्हा विचारून आलो असं सांगितलं. देवाने काय करावं? तो बिचारा मतदार यादीत नाही.

आमच्या बाबांच्या वेळी निराशा सत्ताधाऱ्यांची असे. सरकारने कामं केली नाहीत, भाव वाढले, माणसं माजली की दुसऱ्या बाजूकडे बघता यायचं. ती बाजू आवडो न आवडो, ती तिथे होती आणि पुढची पाच वर्षं तिथेच राहणार होती. युगो १९६३ पासून समोरच्या बाकांवर बसला आणि गोवा वेगळा राहावा हे त्याने तिथूनच मिळवलं. आता निराशा विरोधकांकडून येते. सत्ताधारी पक्षाला ज्याने मत दिलं त्याला निदान जे मागितलं ते मिळालं, आवडलं नाही तर त्याची तक्रार खरी. पण ज्याने विरोधात दिलं, उन्हात रांगेत उभं राहून दिलं, त्याच्या हाती काय? २०२२ मध्ये भाजपला साधारण ३३ टक्के मतं होती. बाकीचे दोन-तृतीयांश कुठे आहेत हे शोधायला आता खुद्द सत्ताधारी बाकांकडेच बघावं लागतं. त्या बाकांवर सिंहही बसलाय, दोन आमदारांसह. या खेपेला त्याने तृणमूलशी युती करून निवडणूक लढवली होती.

आमदारांना शिव्या देणं सोपं आहे आणि मीही भरपूर देतो, पण एक गोष्ट इथे लपवता येत नाही. आमचे मतदारसंघ छोटे, जेमतेम पंचवीस-तीस हजार मतदारांचे. आमदार घराघरातला असतो. चवथीला मूर्तीसमोर डोकं टेकायला येतो, बाराव्याला येतो, मुलीच्या लग्नात शेवटच्या पंगतीपर्यंत थांबतो. लोक चिन्हाला नव्हे, त्याला ओळखतात. तो गेला की मतं बरोबर घेऊन जातो हे त्यालाही माहीत असतं. आणि घरातला मुलगा पदवीधर होऊन बसलाय, सरकारी नोकरी हवी. विरोधी आमदार ती कुठून देणार? आमच्याच वाड्यावरच्या माणसांनी एका आमदाराला ‘आता तिकडे जा, नाहीतर आमची कामं कोण करणार’ असं सांगितलेलं मी कानांनी ऐकलं आहे. तो गेला. नंतर तेच लोक त्याला गद्दार म्हणत पारावर बसले. आजोबाला ताईंच्या काळात जमीन मिळाली तेव्हा ती सगळ्या कुळांना मिळाली. आता जे मागितलं जातं ते एका घरापुरतं असतं, आणि एका घरापुरतं द्यायला सत्तेतच असावं लागतं.

हे कळल्यापासून माझा राग निम्मा झाला आहे. बाकीचा निम्मा आहे.

यंत्रांना मात्र मी दोष देत नाही. १९९९ मध्ये संपूर्ण राज्याची विधानसभा निवडणूक यंत्रावर घेणारा गोवा देशात पहिला. लाख गेली, मेणबत्ती गेली, पेटीत हात फिरवणं गेलं. माझ्या शेवटच्या ड्युट्या यंत्राच्या काळात झाल्या. एजंट अजूनही येतात, पण बाकावर फोन बघत बसतात आणि आत आलेल्या म्हातारीचं नाव कुणालाच ठाऊक नसतं. २०१७ पासून चिठ्ठी दाखवणारं यंत्रही सगळ्या चाळीस मतदारसंघांत आलं. बटण दाबलं की काचेआड कागद दिसतो, त्यावर उमेदवाराचं नाव आणि चिन्ह, आणि सात सेकंदांनी तो खालच्या डब्यात पडतो. मत ज्याला दिलं त्यालाच गेलं, याची एवढी पक्की खात्री बाबांना कधी मिळाली नव्हती. त्यांना ती लागलीही नाही. मला सात सेकंदांची खात्री मिळते, पुढच्या पाच वर्षांची नाही.

आमच्या घरातला तरुण आता काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांकडे बघत नाही. माझा भाचा रिव्होल्युशनरी गोवन्सवाला. २०२२ मध्ये त्या नव्या पक्षाला नऊ टक्क्यांच्या घरात मतं पडली आणि आमदार एक आला. परप्रांतीयांबद्दलची त्यांची भाषा मला पटत नाही, मी ते त्याला सांगतो. तो म्हणतो, मामा, निदान आमचा फुटला नाही. मी म्हणतो, एकटा आमदार फुटणार कशाला, तो म्हणजे शंभर टक्के पक्ष. मनात आलं तर कायद्याला दोन-तृतीयांश मोजायचीही गरज नाही. तो चिडतो. मग म्हणतो, आणि काँग्रेसचे सतरा होते, त्यांचं काय झालं? यावर माझ्याकडे उत्तर नसतं, म्हणून मी चहा मागवतो.

अगदीच सगळं मेलं आहे असंही नाही, हे त्यालाही कबूल. २०२४ मध्ये लोकसभेला दक्षिण गोव्यात काँग्रेसकडे आमदार म्हणून नावाला माणसं उरली होती, कार्यकर्ते घरी बसले होते, तरी कॅप्टन विरियातो फर्नांडिस साडेतेरा हजारांच्या फरकाने निवडून आले. नेते सोडून गेले आणि मतदार राहिला, १९७२ सारखं काहीतरी. उत्तरेत, आमच्या जुन्या सिंहाच्या मुलखात, पुन्हा श्रीपाद नाईक. जुवारी अजून तशीच वाहते आहे, एवढंच त्यातून निघालं, असं भाचा म्हणाला. मला ते थोडं जास्त वाटलं, पण त्यावरून वाद झाला नाही.

आता पुढची विधानसभा २०२७ मध्ये. इच्छुकांची ये-जा सुरू झालेलीच आहे. परवा एकजण आला, तो आधीच्या दोन निवडणुकांत दोन चिन्हांवर उभा होता. ओटीवर बसून पाणी प्यायला, भाऊंच्या चित्राला हात जोडले आणि बाबांची आठवण काढली. कुठल्या पक्षातून उभे राहणार असं विचारलं, तर म्हणाला, ‘मास्तर, बोलणी चालली आहेत.’ मग मला विचारलं, तुमचं मत कुणाला? मी म्हटलं, माझीही बोलणी चालली आहेत. आमच्या घरात असं सांगणारा मी पहिलाच.